विद्याधरची लॉरी पौषात अडली तेव्हा

लॉरीत बसलं की विद्याधर आधी पायातल्या वहाणा काढायचा आणि सीटखाली सारायचा, देवळात शिरल्यासारखा. स्टेशनवरचे हमाल हसायचे. "क्लच पायाला कळला पाहिजे," एवढंच तो म्हणायचा. याच्यापेक्षा लांब वाक्य त्याच्या तोंडून ऐकल्याचं आमच्या होळी गावात फारसं कुणाला आठवत नाही.

होळीत त्याच्यासारखा ड्रायव्हर आधी झाला नव्हता. आधी होळीत लॉरीच नव्हती म्हणून झाला नव्हता, असं इग्नेशियस म्हणायचा. पण इग्नेशियसच्या चार बैलगाड्या होत्या, तो तसंच म्हणणार. खरी गोष्ट अशी की एकोणिसाव्या वर्षी विद्याधर लष्करात भरती झाला आणि तीन वर्षं त्यानं आसामच्या डोंगरात लॉरी चालवली. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि रस्ता म्हणजे नुसता चिखल. तिथे शंभर गाड्यांतल्या किती दरीत गेल्या ते त्याला विचारलं तर तो बोटं मोजायचा आणि मध्येच थांबायचा. त्याची गेली नाही. एवढं पुरे.

घरातलं बोलायचं खातं थोरल्या भावाकडे होतं. जगन्नाथ मराठी चौथी पास, तोही वर्गात पहिला. बाप लवकर गेला म्हणून पाचवीचं बाक काही त्यानं बघितलं नाही. वाडी त्यानं सांभाळली, पानवेली त्यानं वाढवल्या, भावाला त्यानं वाढवलं. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीत लष्करी गाड्यांचा लिलाव निघाला, तेव्हा अख्ख्या होळीत लॉरी घ्यायची अक्कल एकट्या जगन्नाथला सुचली. लोक म्हणाले, वाडीवाल्यानं बैल घ्यावेत, हत्ती कशाला? जगन्नाथ म्हणाला, "माझा भाऊ आसामात हत्तीच हाकत होता."

त्या दिवसापासून होळीच्या पानांच्या करंड्या विद्याधरच्या लॉरीतून वसई रोड स्टेशनवर जायला लागल्या. विड्याची पानं संध्याकाळी खुडायची, धुवायची, केळीच्या पानात गुंडाळून करंडीत रचायची, आणि सकाळच्या पार्सलच्या गाडीनं ती वर दिल्लीकडे रवाना करायची. ती गाडी हुकली तर पान एक दिवस शिळं होतं, आणि शिळं पान पोचेपर्यंत कडेनं काळं पडतं. बैलगाड्यांना त्यासाठी लवकर निघावं लागायचं. लॉरी निवांत निघायची आणि तरी आधी पोचायची. चार वर्षांत एकदाही गाडी हुकली नाही. जगन्नाथनं हे किती वेळा सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं.

एक्कावन्न सालच्या श्रावणात विद्याधर विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. पाच आठवडे नुसती पेज आणि औषध. तो पुरता उठेपर्यंत पापडी गावचा पीटर लॉरी चालवायला आला. पीटर चांगला माणूस, हात जरा जड, पण इमानी. एका दुपारी लॉरीखालून बाहेर येऊन तो म्हणाला, "जगन्नाथ, गिअरच्या पेटीचं मागचं सील गळतंय. तेल कमी झालंय. भरून ठेव. गिअरचंच तेल हां."

"कुठे भरायचं?"

पीटरनं त्याला पेटीच्या बाजूचा बोल्ट दाखवला. हा काढायचा, भोकातून तेल बाहेर सांडायला लागेपर्यंत ओतायचं, बोल्ट लावायचा. संपलं. एवढं सांगून पीटर सायकलवर बसून घरी गेला.

गिअरचं तेल मिळायचं मुंबईला. त्यासाठी एक दिवस मोडायचा. जगन्नाथ ओटीवर बसून विचार करत होता, आणि समोर त्याच्या बायकोचा, जयवंतीचा, खोबरेलाचा डबा होता. चारच दिवसांपूर्वी घाण्यावरून आलेलं तेल. स्वतःच्या माडांचे नारळ, स्वतः वाळवलेलं खोबरं. पाण्यासारखं नितळ, बोटावर घेतलं तर रेशमासारखं सरकणारं. आता आमच्याकडची रीत अशी की कुलूप गंजलं, खोबरेल. शिवणाचं यंत्र कुरकुरलं, खोबरेल. कान दुखला, खोबरेल. रहाटाचा दांडा विहिरीवर रडायला लागला तर त्यालाही खोबरेलच. मग गिअरच्या पेटीनंच काय घोडं मारलंय?

जगन्नाथनं डबा उचलला. पपईचा लांब पोकळ देठ कापला, भोकात घातला, दुसऱ्या टोकाला नरसाळं धरलं आणि सांडेपर्यंत ओतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम लॉरी चालताना ऐकली. आवाज कमी झाला होता. शपथेवर सांगायचं तर खरंच कमी झाला होता.

"अहो, डब्यातलं तेल गेलं कुठे?" जयवंतीनं विचारलं.

"गाडीला घातलं."

"गाडीला? तिचे केस गळतात वाटतं?"

सील गळत राहिलं आणि जगन्नाथ दर आठवड्याला भरत राहिला. मूळचं तेल थेंबाथेंबानं अंगणात गेलं आणि त्याच्या जागी आमच्या वाडीचं तेल बसलं. नवरात्रापर्यंत जयवंतीचे दोन डबे लॉरीनं प्यायले. ही गोष्ट जगन्नाथनं कुणाला सांगितली नाही. लाजेनं नव्हे. त्याचा बेत असा होता की वर्षभर चालू द्यायची, आणि मग चारचौघांत, करंड्या भरायच्या वेळी सांगायचं, की मुंबईच्या तेलाची गरज नाही, होळीची लॉरी होळीच्या तेलावर चालते. विद्याधरलाही तेव्हाच कळेल.

दसऱ्यानंतर विद्याधर उठून उभा राहिला. अंगावर मांस नव्हतं, पण पहिल्याच दिवशी तो लॉरीखाली गेला. चामड्याचं नवं सील कापून बसवलं, गळती थांबवली. पेटीत बोट घालून पाहिलं, तेल काठाला होतं, रंगानं काळं झालं होतं. तापातून उठलेल्या माणसाला ना धड चव असते ना धड वास. त्यानं बोल्ट लावला.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. कुठे काही अडलं नाही.

पौषात त्या वर्षी थंडी पडली. वसईत थंडी म्हणजे कुणी मरत नाही, पण सकाळी केळीच्या पानांवरून दवाचं पाणी टपटपायचं, विहिरीतून वाफ निघायची आणि माणसं कानाला मफलर बांधून दात घासायची. अशा एका सकाळी करंड्या भरून लॉरी निघाली आणि देवळामागच्या टेकाडाच्या चढणीवर उभी राहिली. पहिला गिअर पडला होता. दुसरा पडेना. विद्याधरनं क्लच दाबला, सोडला, परत दाबला. पेटीतून कर्रर्र असा आवाज आला, जसा कुणी दगडावर विळा घासावा. लॉरी मागे सरकायला लागली तशी त्यानं ब्रेक मारला. त्या दिवशी स्टेशनपर्यंत तो पहिल्या गिअरवर गेला, बैलाच्या चालीनं. पार्सलची गाडी निघून गेली होती.

गंमत पुढे आहे. परतताना, ऊन चढल्यावर, तीच लॉरी त्याच टेकाडाची पलीकडची चढण लोण्यातून सुरी जावी तशी चढली.

दुसऱ्या दिवशी ठीक झालं. तिसऱ्या दिवशी थंडी वाढली आणि परत तेच. परत गाडी हुकली. बत्तीस करंड्या फलाटावर पडून राहिल्या.

करंड्यांची सगळी जुळवाजुळव एकनाथअण्णांकडे असायची. कुणाच्या वाडीतून किती करंड्या, कुणी केव्हा पाठवायच्या, ते बघणारा आमच्या गावचा तो वडीलधारा माणूस. खिशात साखळीचं घड्याळ, आणि तोंडात घड्याळाइतकेच मोजके शब्द. अण्णा त्या दिवशी दुपारी स्वतः लॉरीत बसले. विद्याधरला म्हणाले, चालव. विद्याधरनं पारनाक्यापर्यंत नेऊन आणली. एकेक गिअर आवाज न करता पडला.

अण्णा खाली उतरले. अंगणात पानवाले जमले होते, जगन्नाथ होता, आणि कुंपणाला टेकून इग्नेशियस होता.

"गाडी बरी आहे," अण्णा म्हणाले. "ड्रायव्हर बरा नाही."

"म्हणजे?" जगन्नाथनं विचारलं.

"म्हणजे तापानं त्याच्या पायातलं बळ गेलंय. सकाळी अंग ताठ असतं, क्लच पुरता दाबला जात नाही. दुपारी ऊन लागलं की पाय चालतो. त्याचा दोष नाही रे, दुखणंच तसलं होतं."

"अण्णा, तुम्ही कुणाबद्दल बोलताय? आसामात—"

"आसाम राहू दे आसामात. सोमवारपर्यंत बघतो. सोमवारी गाडी हुकली तर करंड्या इग्नेशियसकडे."

इग्नेशियसनं विडी झटकली. "मला घाई नाही, अण्णा. माझ्या बैलांना फक्त एकच गिअर आहे, तो थंडीत पण पडतो."

लोक हसले. विद्याधर हसला नाही, रागावलाही नाही. पायाकडे बघत उभा राहिला. बघता बघता त्यानं उजव्या पायानं डावा पाय चाचपून पाहिला, आणि हे जगन्नाथनं बघितलं. भावाला स्वतःच्या पायाबद्दल शंका आली होती. जो माणूस दरीच्या कडेला डगमगला नाही तो देवळामागच्या चढणीला घाबरायला लागला होता. करंड्या गेल्या तर लॉरी विकावी लागली असती हे खरंच, पण जगन्नाथच्या मनाला लागलं ते मात्र ते चाचपणं.

शनिवारी विद्याधर मुंबईला जाऊन आला. तेलाचे दोन डबे घेऊन आला. संध्याकाळी जेवताना त्यानं बोलायला सुरुवात केली, आणि त्याच्या मानानं भरपूर बोलला.

"दादा, पाय बरा आहे माझा. दोष तेलाचा वाटतो. आसामात थंडी सुरू झाली की आमचा हवालदार सगळ्या गाड्यांच्या गिअरचं जाड तेल सोडायला लावायचा आणि पातळ भरायला. जाड तेल थंडीत घट्ट होतं. घट्ट झालं की आतली चक्रं हलत नाहीत, गिअर बसत नाही. गाडी तापली की तेल सुटतं. दुपारी म्हणून चालते."

जगन्नाथ जेवत होता. घट्ट होतं, हा शब्द त्याच्या कानात शिरला आणि त्याची नजर आपोआप चुलीकडे गेली. चुलीच्या बाजूला, निखाऱ्यांच्या ऊबेला, जयवंतीनं खोबरेलाची बाटली ठेवली होती. रोज संध्याकाळी ठेवायची. पौषात ठेवावीच लागते, नाहीतर सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. आतलं तेल अर्धं वितळलेलं, अर्धं पांढरंफटक, चरबीसारखं. हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. जगन्नाथ जन्मल्यापासून बघत आला होता. आणि श्रावणात ओतताना त्याला पौष आठवला नव्हता.

"मी आजारी होतो तेव्हा पेटीत तेल कुणी भरलं?" विद्याधरनं विचारलं.

"पीटर होता की," जगन्नाथ म्हणाला.

जयवंतीची भाकरी तव्यावर होती. ती उलटायची राहिली, आणि करपल्याचा वास सुटला. विद्याधर हात धुवायला बाहेर गेला तेव्हा ती म्हणाली, "पीटर माझे दोन डबे सायकलला बांधून घेऊन गेला काय हो?"

"गप बस."

"मी गप्पच आहे. भाऊजी उद्या पेटी उघडणार आहेत, ती गप्प बसेल काय ते बघा."

रविवारी करंड्या जात नसत. सकाळी थंडी कडक होती. विद्याधरनं लॉरी अंगणात फणसाखाली घेतली, चाकांना दगड लावले आणि गोणपाट टाकून खाली सरपटला. जगन्नाथ हत्यारं द्यायला बाजूला उकिडवा बसला. विद्याधरनं आधी बाजूचा, भरायचा बोल्ट काढला. खालचा आधी का नाही, असं जगन्नाथनं विचारलं. "खालून सोडलं आणि वरचा गंजून बसला असेल तर? भरणार कुठून?" लष्करात शिकवलेलं असतं ते असं. मग त्यानं केरोसीनचा रिकामा डबा खाली धरला आणि तळाचा बोल्ट काढला.

काही आलं नाही.

तेल यायला पाहिजे होतं, भसाभस यायला पाहिजे होतं. भोक उघडं आणि डबा कोरडा. विद्याधरनं वाकून बघितलं. नारळाच्या हिराची काडी घेतली, भोकात खुपसली, फिरवली आणि बाहेर काढली. काडीला राखाडी लोण्याचा गोळा. त्यानं तो बोटावर घेतला, चोळला. ऊब लागताच विरघळला. मग बोट नाकाशी नेलं.

आता त्याला वास येत होता.

तो लॉरीखालून बाहेर आला, बसला. ओटीवर जयवंती उभी होती, सकाळचीच वेणी घातलेली. विद्याधरनं तिच्याकडे बघितलं, मग जगन्नाथकडे. जगन्नाथ फणसाच्या पानांकडे बघत होता. विचारतो की आता, असं त्याला वाटलं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं, किंवा भांडण काढलं असतं, दोन्हींतलं काहीतरी केलं असतं. पण विद्याधरनं विचारलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "घमेलंभर निखारे द्या. वितळवल्याशिवाय येणार नाही."

घमेलं पेटीखाली लांब ठेवलं, हातभर अंतरावर, आणि डबा भोकाखाली. अर्ध्या तासानं पहिला थेंब पडला, मग धार लागली. आणि वास सुटला. तापलेल्या खोबरेलाचा वास काय असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. अंगण भरलं, कुंपण ओलांडून गल्लीत गेला. त्याच वेळी इग्नेशियस चर्चमधली मिस्सा आटपून, डोक्याला हॅट, हातात काठी, घरी चालला होता. तो कुंपणाशी थांबला. नाक वर केलं.

"जगन्नाथ, सकाळी सकाळी काय तळतोस रे? लग्न आहे काय घरात?"

जगन्नाथनं वाकून हत्यारं पुसायला घेतली.

"विद्याधर, तू सांग. लॉरीखाली काय वडे काढतोस?"

"जुनं तेल सोडतोय," विद्याधर म्हणाला.

"हे गिअरचं तेल? मला तर माझ्या आईच्या अंबाड्याचा वास येतो."

"लष्करी गाडी आहे, मामा. जुनं तेल नासतं."

इग्नेशियस हसत निघून गेला. विद्याधर परत खाली गेला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, वाक्य तोंडातून काढताना त्याचे कान लाल झाले होते. जगन्नाथनं ते लाल कान बघितले. आदल्या दिवशी स्वतः खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले नव्हते.

मग दिवसभर दोघांनी काम केलं. पेटीत थोडं इंजिनाचं पातळ तेल ओतून, लॉरी जागेवरच मिनिटभर चालवून, तेही सोडून दिलं, म्हणजे कोपऱ्यात चिकटलेलं निघून जावं. निघालेलं तेल विद्याधरनं फडक्यातून गाळलं. फडक्यावर चांदीसारखी बारीक पूड राहिली आणि दोन कपचे, गव्हाच्या दाण्याएवढे. चक्रांच्या दातांचे तुकडे. "अजून पंधरा दिवस गेले असते तर दात गेले असते," तो म्हणाला. बोल्टखालची तांब्याची चकती, म्हणजे वायसर, त्यानं निखाऱ्यावर लाल केली आणि पाण्यात टाकली, चर्र झालं. असं केलं की जुना वायसर परत नरम होतो आणि बोल्टखाली घट्ट बसतो, गळत नाही. नवं तेल भरायची वेळ आली तेव्हा भोकापर्यंत नरसाळं पोचेना. विद्याधर इकडेतिकडे बघत होता तोच जगन्नाथ उठला, पपईचा लांबसा देठ कापून आणला आणि भोकात घातला. बरोब्बर बसला. अगदी मापाचा. विद्याधर त्या देठाकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं नव्या तेलाचा डबा उघडला.

सोमवारी पहाटे आणखी थंडी. एकनाथअण्णा मफलर गुंडाळून विद्याधरच्या शेजारी बसले, घड्याळ हातातच. जगन्नाथ मागे करंड्यांवर बसला. विद्याधरनं वहाणा काढून सीटखाली सारल्या. देवळामागची चढण आली. जगन्नाथनं डोळे मिटले नाहीत, पण दोन्ही हातांनी करंडीची दोरी धरली होती. पहिला गिअर. इंजिनाचा आवाज चढला, क्षणभर उतरला, आणि लॉरी पुढे गेली. दुसरा पडला केव्हा ते कळलं नाही. चढणीच्या माथ्यावर तिसरा. वाटेत इग्नेशियसची एक बैलगाडी भाजी घेऊन चालली होती, तिला लॉरीनं मागे टाकलं. पार्सलची गाडी यायला अजून वीस मिनिटं होती तेव्हा करंड्या फलाटावर रचून झाल्या होत्या.

गाडी गेली. अण्णांनी घड्याळ खिशात टाकलं आणि स्टेशनबाहेर चहा सांगितला. हमाल भोवती उभे होते, दोन-चार पानवाले होते.

"जमलं," अण्णा म्हणाले. "बघ विद्याधर, मनावर घेतलंस की पाय चालतो. पण आज चालला, उद्याचं काय? तापाचं दुखणं असंच असतं, मध्येच उलटतं. तू असं कर, थंडी सरेपर्यंत पीटरला बसव. तू उन्हाळ्यात चालव."

विद्याधरनं कप खाली ठेवला. त्याच्याकडे उत्तर होतं. नुसतं 'खोबरेल' म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बघू."

तेव्हा जगन्नाथ उठला.

"अण्णा, पीटरला बसवायचं काही कारण नाही. याच्या पायाला काही झालेलं नाही. पेटीत तेल मी भरलं होतं. श्रावणापासून."

"कसलं तेल?"

"खोबरेल."

एका हमालानं परत विचारलं, "डोक्याला लावायचं?"

"डोक्याला लावायचं! आमच्या माडांचं, आमच्या घाण्यावरचं, जयवंतीचे दोन डबे. पौषात पेटीत गोठून दगड झालं, काल काडीनं टोकरून काढलं. आता हसा. पण हसायच्या आधी एक ऐका. गोठलेल्या खोबरेलात चक्रं रुतलेली असताना हा माणूस रोज लॉरी काढत होता. दोनदा गाडी हुकली, बाकीच्या दिवशी पोचला! तुमच्यातल्या कुणालाही बसवा, आसामातनं आणा पाहिजे तर, आणि खोबरेलावर देवळामागची चढण चढवून दाखवा. मग सांगा कुणाच्या पायात बळ नाही ते. आणि पीटरला यात ओढू नका, त्यानं गिअरचंच तेल सांगितलं होतं."

आधी चहावाला हसला. मग हमाल, मग सगळे. अण्णांना हसताना कधी कुणी बघितलं नव्हतं. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. "म्हणून काल गल्लीभर वास होता," ते म्हणाले. "मला वाटलं इग्नेशियस नेहमीसारखा वाढवून सांगतोय." बशीतला चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विद्याधरच्या पायांकडे बघितलं. "करंड्या तुझ्याकडेच राहतील," ते म्हणाले. "पेटीची किल्ली असते काय रे? असली तर तुझ्याकडेच ठेव."

होळीत ही गोष्ट लॉरीच्या आधी पोचली, सायकलवरून. त्या पौषापासून जगन्नाथला गावात खोबरेलशेठ म्हणतात, आणि म्हणणारे अजून आहेत. जयवंतीनं डबा कुलपात ठेवायला सुरुवात केली. ते कुलूप कुरकुरायचं, पण त्याला तेल लावायचं कुणाचं धाडस झालं नाही.

परतताना अण्णा स्टेशनवरच थांबले, दुसऱ्या कामाला. जगन्नाथ मागे चढायला लागला तर विद्याधर म्हणाला, "पुढे बस." तो पुढे बसला. ऊन यायला लागलं होतं. पारनाका गेला, देवळामागची चढण आली.

"दादा," विद्याधर म्हणाला, "कुलपाला खोबरेल चालतं. रहाटाला चालतं. गाडीला चालत नाही."

"चार महिने चाललं की," जगन्नाथ म्हणाला.

विद्याधरनं क्लच दाबला.